निम्म्या दरातली खोली

३ तारीख, मंगळवार

सूनबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धर. पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर तुझ्या नवऱ्याने आधी फोडलं असतं, कागदावर छापलेलं हॉटेलचं नाव वाचलं असतं आणि डोळे पुसत इथे येऊन उभा राहिला असता. मी माझ्या बहिणीकडे गेले आहे असं त्याला वाटतंय, ते तसंच वाटू दे. तू दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा तुझा धंदा, पण स्वतःचं तोंड बंद ठेवायलाही तुला छान येतं, हे मी वर्षभर पाहिलंय.

काळजी करू नकोस, मी बरी आहे. बरी कसली, मजेत आहे. शहराच्या मधोमध ते जुनं हॉटेल आहे ना, खरेदीला आलो की आपण मान वर करून ज्याच्या गॅलऱ्या बघायचो, तिथेच उतरले आहे. पेपरात जाहिरात होती. समोरचा रस्ता खणायचं काम चालू आहे, ते संपेपर्यंत रस्त्याकडच्या खोल्या निम्म्या दरात. पैसे आगाऊ, आणि एकदा भरले की परत मिळणार नाहीत. मी पंधरवड्याचे भरून टाकले. आता निघायचं मनात आलं तरी निघता येत नाही, पैसे पाण्यात जातील.

हॉटेलचं म्हणशील तर बडा घर पोकळ वासा. दाराला पितळी दांड्या, ते गोल फिरणारं दार ढकललं की राणीसारखं आत जावं, आणि आत गेलं की गालिचा मधोमध झिजून त्याचे धागे निघालेले. झुंबर केवढं मोठं, पण निम्मे दिवे गेलेले. लिफ्टला जाळीचं दार आहे, ते ओढायला एक म्हातारा बसलेला असतो. माझ्याच वयाचा असेल, पण माझ्याकडे बघून म्हणतो, "सांभाळून, आजी." न्हाणीघरात चार पायांचा टब आहे. नळ सोडला की तो आधी दमेकऱ्यासारखा खोकतो, मग तांबडं पाणी येतं, मग पांढरं, आणि ते गरम व्हायच्या आत माणसाची अंघोळीची हौस फिटते.

दिवसभर समोर ते यंत्र रस्ता फोडत असतं. टेबलावरचा ग्लास हळूहळू सरकत कडेला येतो, मी तो उचलून परत मध्ये ठेवते. मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबतं तेव्हा मलाच चैन पडत नाही. मग खिडकीत जाऊन बघते, कधी सुरू करताहेत.

तुमच्याकडच्या कपाटात माझं काही राहिलंय का बघ, असं लिहिणार होते. पण काही राहिलेलं नाही. निघताना मी दोनदा बघितलं होतं.

आई


५ तारीख, गुरुवार

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. मीही कामात आहे, दिवसभर बसायची जागा बदलत असते. खोलीतल्या खुर्चीत बसले की वाटतं खाली जाऊन बसावं. खाली चामड्याचे मोठे कोच आहेत, त्यात बसलं की माणूस आत जातं आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. म्हणून तिथून उठून बाहेर जाते. बाहेर धूळ. परत वर येते. लिफ्टचा म्हातारा आता मला मजला विचारत नाही, नुसता हसतो. मला ते आवडत नाही.

खोल्या आवरणारी बाई माझ्यावर रागावली आहे. आज सकाळी ती कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

"मावशी, तुम्ही रात्री झोपता कुठे?"

"पलंगावर. दुसरीकडे कुठे झोपणार?"

"पलंगावर झोपलेलं माणूस असं असतं होय? ही चादर बघा. मी घालते त्याच्यापेक्षा घट्ट. न्हाणीघर कोरडं, टॉवेल घडी करून जाग्यावर. सुपरवायझर मला विचारते, तुझा हात लागायची गरजच नसेल तर तुला पगार कशाचा द्यायचा?"

मी म्हटलं, सवय आहे. तर म्हणते, सवय घरी. इथे जरा पसारा करत जा, दोन कपडे खुर्चीवर टाका, टॉवेल जमिनीवर फेका, माझी नोकरी राहू दे.

तिच्यासाठी म्हणून मी प्रयत्न केला. चादर ओढून चुरगळली, उशी तिरकी केली, एक लुगडं खुर्चीवर टाकलं आणि बाहेर निघाले. लिफ्टपर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. परत येऊन सगळं नीट केलं. कपडे बॅगेत, बॅग कपाटाच्या तळाशी, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. आता ती बाई मला बोलणार, बोलू दे.

तुझे सासरे पुलांच्या कामावर होते हे तुला माहीत आहे, पण ते राहणं कसं असायचं हे तुला कुणी सांगितलं नसेल. एक पूल झाला की दुसऱ्या नदीवर. सरकारी क्वार्टर मिळायचं, आणि सोडताना साहेब येऊन भिंतींवरून हात फिरवायचा. खिळ्याचं भोक सापडलं की तुझ्या सासऱ्यांच्या पगारातून कापून घ्यायचे. म्हणून मी जन्मात भिंतीला खिळा मारला नाही. कॅलेंडर फळीवर उभं ठेवायचं, फोटो ट्रंकेत. बदलीचा हुकूम आला की शेजारणी रडायला लागायच्या, आणि मी तोवर चहाची भांडी गुंडाळून मोकळी झालेली असायची. साहेब म्हणायचा, "तुमच्या घरी तपासायला आलो की माझं काम राहतच नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

काल चौकातल्या बसथांब्यावर बसले होते. तुमच्या बाजूला जाणारी बस तिथे थांबते. बस आली, मी उठले, आणि परत बसले. मग दुसरी आली. कंडक्टरने विचारलं, "यायचं की नाही, आजी?" मी म्हटलं, पाय दुखतात म्हणून बसलेय. खोटं बोलले. पाय ठणठणीत आहेत.

उत्तर लिहायला वेळ नसेल तर नुसतं 'पत्र पोचलं' एवढं कळव.

आई


८ तारीख, रविवार

सूनबाई,

आज रस्त्याचं काम बंद. इतकी शांतता आहे की नळाचा थेंब ऐकू येतो. सकाळपासून तीनदा खिडकी उघडली आणि तीनदा लावली. असल्या शांततेत माणसाला खोटं बोलणंही जड जातं, तर ऐक.

मी इथे मजा करायला आलेले नाही. त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात तुझ्या नवऱ्याशी बोलत होतीस आणि मी पाणी प्यायला येत होते. तू म्हणालीस, "मला हे नाही जमत. एक तर आईंनी इथे राहावं, नाहीतर त्यांना जिथे बरं वाटेल तिथे जाऊ दे." मी रिकामं भांडं तसंच हातात घेऊन परत फिरले. आमचे चिरंजीव काय बोलले ते ऐकलं नाही. काहीच बोलले नसतील. लहानपणापासून दोघांच्या मध्ये सापडला की तो नखं खातो.

मला तुझा राग आला. अजून आहे. मी तुला काय त्रास दिला? वर्षभर तुझ्या घरात राहिले, आवाज चढवला नाही. जेवण खारट झालं तर पाणी पिऊन गिळलं, पण बोलले नाही. तुझ्या मैत्रिणी आल्या की खोलीत जाऊन बसले. तुमच्या दोघांची कुरबुर झाली तेव्हा फिरायला निघून गेले, चपला फाटेपर्यंत फिरले. माझी सासू जिवंत असती तर म्हणाली असती, अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आणि तुला म्हणे जमत नाही.

म्हणून सकाळी उठून, अंघोळ करून, चादर धुवून वाळत घातली आणि निघाले. निघताना तुझे आभार मानले. "तुम्ही माझं फार केलंत," असं म्हणाले. तेव्हा तुझा चेहरा असा झाला, मी जणू तुला शिवीच दिली. ते काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आभार मानण्यात माझं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही. तुला माहीत असेल तर तू सांग.

म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे, इथून फार लांब नाही, खोल्या स्वच्छ आहेत असं ऐकते. हा पंधरवडा संपला की जाऊन बघून येईन. तोवर तुझं काय म्हणणं आहे ते कळलं तर बरं. कळलं नाही तर तेही कळल्यासारखंच.

आई


१० तारीख, मंगळवार

सूनबाई,

आज मी भांडले. बस खाली आधी, उभ्याने वाचू नकोस.

नेहमीची बाई सुट्टीवर आहे. तिच्या जागी नवी आली. मी दुपारी रिवाजाप्रमाणे किल्ली काउंटरवर देऊन बाहेर पडले. नव्या बाईने खोली उघडली तर चादर ताणलेली, न्हाणीघर कोरडं, टेबलावर काही नाही, खुर्चीवर काही नाही. तिने खाली कळवलं, खोली रिकामी आहे, पाहुणे गेले. किल्लीही काउंटरवर. मॅनेजरने वहीत माझं नाव खोडलं आणि खोली दुसऱ्यांना दिली.

मी परत आले तर माझ्या दारातून एक नवरा-बायको बाहेर बघताहेत. बायकोच्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. माझा टॉवेल. माझी बॅग त्यांना कपाटाच्या तळाशी सापडली होती, ती कुणी विसरलं म्हणून त्यांनी बाहेर गालिच्यावर ठेवली होती.

मी बॅग उचलून खाली गेले. मॅनेजर हात चोळत म्हणाला, "मॅडम, चूक झाली, पण आमचाही नाइलाज. तिथे कुणी राहत असल्याची काही खूणच नव्हती. तुम्हाला मागच्या बाजूची मोठी खोली देतो. शांत आहे, बागेकडे बघते. जास्तीचे पैसे नकोत."

चांगलंच सांगत होता तो. एरवी मी म्हटलं असतं, असू दे, मला काय, रात्रीपुरतं टेकायचं. मी तोंड उघडलं आणि तेच म्हणणार होते. पण तोंडातून वेगळंच आलं.

"मला बागेकडची नको. ती माझी खोली आहे."

"मॅडम, पण ही त्याहून—"

"ती माझी खोली आहे. मी तिथे राहते."

आणि मी काउंटरवर हात आपटला. तिथली घंटी उडून खाली पडली. लिफ्टचा म्हातारा धावत आला. कोचांत बसलेली माणसं उठून उभी राहिली, म्हणजे ज्यांना त्या कोचांतून उठता आलं ती. मी ओरडत होते, सूनबाई. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. 'माझी खोली, माझी खोली' एवढंच म्हणत होते. सत्तरी ओलांडली मी, आणि हे दोन शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. कुठल्या क्वार्टरबद्दल नाही, निवृत्तीनंतरच्या भाड्याच्या घराबद्दल नाही, आणि तुमच्याकडे तर नाहीच. आणि काढले ते कशासाठी, तर निम्म्या दरातल्या, खोकणाऱ्या नळाच्या खोलीसाठी.

मॅनेजर घाबरला. म्हणाला, "तुमच्या घरच्या कुणाला फोन करू का?" मी तुझा नंबर दिला. का दिला ते विचारू नकोस. मुलाचाही पाठ आहे, पण तुझाच दिला. तू उचलला नाहीस. कुणाच्या तरी तोंडात हात असेल.

शेवटी ते नवरा-बायकोच बागेकडच्या खोलीत गेले, आनंदाने गेले, आणि मी माझ्या खोलीत आले. पलंगावर बसले. समोरचं यंत्र चालू झालं आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने रडले, त्या आवाजात कुणाला ऐकू जायची सोय नव्हती.

आई


१२ तारीख, गुरुवार

सूनबाई,

काल तू आलीस, भांडलीस आणि गेलीस. मला तिथल्या तिथे उत्तरं सुचत नाहीत, मागाहून सुचतात. म्हणून लिहिते आहे.

तू कोट न काढताच आली होतीस. तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता, आणि मला वाटलं तू म्हणशील, आई, काय हे, लोक काय म्हणतील. पण तू हातातली पत्रं टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "पहिल्या दोन पत्रांना मी उत्तर काय देऊ? गालिचा आणि नळ?" जेवणघरातल्या सगळ्या वेटरांनी माना वळवल्या. मग तू बोलत सुटलीस ती थांबेचना. लोकांची तोंडं उघडणारी तू, तुझं तोंड इतकं उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तू म्हणालीस, "तुम्ही गेल्यावर मी खोलीत गेले. एक पिन नाही, एक केस नाही. वर्षभर माणूस राहिलं आणि खोलीला त्याचा पत्ता नाही. मी पलंगावर बसून रडले, आणि मग मला तुमचा इतका राग आला. वरून आभार मानून गेलात. आभार मानतात ते कुणाचे, आई? परक्याचे."

म्हणालीस, "मी त्याला काय सांगत होते? आई इथे राहतच नाहीत, हे सांगत होते. रोज सकाळी त्यांच्या खोलीत डोकावते आणि वाटतं, आज गेल्या. मला ते नाही जमत." हे वाक्य मी पुरतं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण पुरतं ऐकूनही मी तेच केलं असतं, मला माझी खोड माहीत आहे.

आणि मी काय बोलले ते मला आता आठवून आश्चर्य वाटतं. मी म्हणाले, "आणि तू गं? वर्षभर तू मला 'आई, तुम्ही बसा' याखेरीज काय म्हणालीस? कणीक मळायला घेतली, तुम्ही बसा. दार उघडायला उठले, तुम्ही बसा. बसून बसून माझी पाठ धरली. आल्या दिवशी म्हणालीस, हे घर तुमचंच आहे. असं पाहुण्यालाच सांगतात. घरच्या माणसाला कुणी सांगतं का?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. मला वाटलं जिंकले. म्हणून वर म्हणाले, "आणि तुमचे ते पुढच्या खोलीतले पडदे मला मुळीच आवडत नाहीत."

"मलाही नाही आवडत," तू म्हणालीस. "तुमच्या मुलाने आणलेत. दोघींनी मिळून बोललो असतो तर केव्हाच गेले असते."

मला हसू येत होतं, पण मी ते दाबलं, कारण तू रडत होतीस. मग तू नाक पुसत विचारलंस, "घर तुमचंच आहे, असं नको, तर मग मी काय म्हणायला हवं होतं?" मी तुझा कप परत पुढे सरकवला. तेवढ्यात दवाखान्यातून तुला फोन आला, कुणाची तरी दाढ ठणकत होती, आणि तू चहा अर्धा टाकून निघालीस. गोल दारात तुझा कोट अडकला, तू तो ओढलास आणि मागे न बघता गेलीस.

घरी चला, असं तू म्हणाली नाहीस.

मी संध्याकाळभर त्या शब्दांची वाट बघितली. आता फोन येईल, मग येईल. खोलीत येरझाऱ्या घातल्या, खाली गेले, वर आले. आला नाही. परत तुझा राग आला. इतकं मनातलं बोलली आणि नेमकं तेवढंच गिळून बसली, असं वाटलं. ठरवून टाकलं की आता त्या म्हाताऱ्यांच्या जागेत जाऊन नाव घालायचं.

आज सकाळी अंघोळीचं पाणी गरम व्हायची वाट बघत उभी होते तेव्हा मनात आलं, तू रोज दवाखाना बंद करून घरी जातेस. तुला कोण बोलावणं पाठवतं? तुझा नवरा जातो, त्याला कोण म्हणतं, घरी चल? मी ज्याची वाट बघत बसले होते ते पाहुणीलाच मिळतं, आणि काल ते मला मिळालं नाही. तू मुद्दाम दिलं नाहीस की घाईत राहिलं, हे मी तुला विचारणार नाही.

मी शनिवारी येते आहे. इथले उरलेले दिवस वाया जातील, जाऊ देत. त्या पैशांत हॉटेलवाल्याचा नवा गालिचा तरी होईल. तुझ्या नवऱ्याला आधी सांगू नकोस, तो न्यायला येईल आणि बसमध्ये रडेल. मी एकटी येईन. माझ्या खोलीतल्या पलंगाची जागा मला बदलायची आहे, तो खिडकीखाली हवा. तुझं त्यावर काही म्हणणं असेल तर तयार ठेव, माझंही तयार आहे.

काय म्हणायला हवं होतं, ते विचारलं होतंस ना? मी बेल वाजवली की तू दार उघडशील. तेव्हा 'या' म्हणू नकोस. 'या, बसा' तर नकोच. म्हण, "किती उशीर केलात?" आणि जरा रागावून म्हण.

आई